वास नसलेली प्लेट

वेंगुर्ल्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर असलेले काका मला अजून आठवतात. मी तेव्हा काचेच्या प्लेटांमध्ये मातीतले जिवाणू वाढवत होते. ओल्या मातीचा वास त्यांच्यातलं एक एन्झाइम तयार करतं. ते कसं, असं काकांनी विचारलं.

"त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग लांब साखळी वळवून तिचं कडं करतो, दुसरा त्यातला तुकडा तोडतो. उरतो तो वास."

जाळी विणणाऱ्या घरातले काका म्हणाले, "म्हणजे एकान गाठ मारूची, दुसऱ्यान टोक कापूचा."

प्रत्येक प्लेट उघडून ते नाकाजवळ धरत. एकदा थबकले. "ह्येका वास नाय गो."

मी तर वहीत 'वास आहे' असं न हुंगताच लिहून ठेवलं होतं. "तुम्हाला सर्दी झालीय," मी म्हणाले.

"सर्दी नाय. वास नाय तर नाय. खोड ता."

मी चिडूनच खोडलं. पुढे त्या प्लेटमधल्या जिवाणूच्या तपासणीचा अहवाल पुण्याहून आला. त्या जिवाणूच्या एन्झाइमचा दुसरा भागच निकामी होता. माझ्या प्रबंधातली सगळ्यात चांगली पानं त्या प्लेटवरची आहेत.

आभारात मी काकांचं नाव घातलं. पान दाखवलं तेव्हा त्यावर बोट ठेवून त्यांनी ते वाचलं.

"घरात दाखवूक एक प्रत माका मिळात काय गो?"