ओल्या चिखलाचं घमेलं

मी मुळात घाबरट आहे आणि घाबरले की भांडते. पडेगावच्या आमच्या घरामागून नाला जातो, त्यामुळे पावसाळ्यात माझ्या वाटेला फारसं कुणी जात नाही.

गेल्या पावसाळ्यात नाल्याने आमच्या बाजूचा काठ खाल्ला. धुण्याचा दगड गेला, शेवगा गेला आणि मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. त्या खोलीत आई झोपते. पाय मोडल्यापासून तिला एकटीला उठता येत नाही. पुढे मशीन आलं, नाला सरळ झाला, झाडंझुडपं खरवडून दोन्ही काठ सिमेंटने बांधले. हे काम व्हावं म्हणून भांडणाऱ्यांत मीच सगळ्यांच्या पुढे होते. पण आमच्या बोळात मशीन शिरेना, म्हणून आमच्यामागचा तेवढा काठ मातीचा राहिला, उभा कापल्यासारखा.

उन्हाळ्यात त्या काठात खंड्यांच्या जोडीने बीळ कोरलं. अख्ख्या नाल्यात त्यांना दुसरी मातीच उरली नव्हती, जाणार कुठे? निळ्या पाठीचा तो पक्षी चोचीत सरडा धरून तारेवर बसायचा आणि जवळपास कुणी नाही असं बघून सुळकन आत शिरायचा. मग आतून पिल्लांची किरकिर यायची. "जेवली बाळं," आई खिडकीतून म्हणायची.

पाऊस तोंडावर आला तेव्हा माझे थोरले काका देवगाव रंगारीहून आईला भेटायला आले. सगळा जन्म शेतात गेलेला माणूस. मी ऑफिसात होते. ते कोरड्या नाल्यात उतरले, काठातलं भोक पाहिलं आणि पावसाआधी शेताच्या बांधावर जे करतात तेच त्यांनी केलं. घुशीचं बीळ समजून ते चिखलाने ठासून बुजवलं. मी घरी आले तर खंड्या तारेवरून झेप घेत होता, बुजलेल्या तोंडाशी येऊन वळत होता आणि परत तारेवर जाऊन बसत होता. चोचीतला सरडा तसाच होता.

"काका, काय केलंत हे! आत पिल्लं आहेत!"

"पिल्लं?" त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं घूस हाये. आगं, असल्या भोकातूनच पानी घुसतं. माझा बांध दोनदा गेलाय असा."

मी काठीने उकरायला लागले तर त्यांनी मला बाजूला केलं आणि बोटांनी हळूहळू तोंड मोकळं केलं. कान लावून ऐकलं. "हायेत गं माय, जित्ती हायेत," म्हणाले आणि तिथेच मटकन बसले.

पण त्यांची भीती खोटी नव्हती. पाणी भोकात शिरलं तर काठ आतून भिजणार, आणि काठाला लागून आईची खोली. काकांनी घमेलंभर चिखल कालवला, वर ओलं गोणपाट टाकलं आणि घमेलं काठावर ठेवलं. "पानी भोकाच्या वीतभर खाली आलं की बुजवायचं. तवर नाय."

"आणि पिल्लं?"

त्यांनी गोणपाटावर आणखी पाणी शिंपडलं.

पेरणीसाठी ते गावी गेले आणि घमेलं माझ्या गळ्यात पडलं. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. "चिखल वला हाये ना?" मग जरा थांबून, "उडाली का?" मी गोणपाटावर पाणी शिंपडायचे, आभाळाकडे बघायचे आणि पिल्लांवर चिडायचे. उडा की एकदाची!

एका दुपारी दौलताबादच्या बाजूने आभाळ काळंकुट्ट भरून आलं. आमच्याकडे थेंब पडायच्या आधीच नाल्याला लोंढा आला. वरचे काठ सिमेंटचे झाल्यापासून पाणी वाटेत कुठे रेंगाळत नाही. आईला कसंबसं पुढच्या खोलीत नेलं आणि मागे धावले. दोन्ही हातांत चिखल घेऊन काठावर पालथी पडले आणि हात खाली सोडले. भोक हाताशी होतं. आत किरकिर चालू होती. खंड्या चोचीत बेडूक घेऊन तारेवर बसला होता. मी तिथे असेपर्यंत तो येणार नव्हता.

मला रडू आलं. कुणाची बाजू घ्यावी हे कळत नव्हतं असं नाही. मी आईचीच घेणार होते, म्हणूनच रडू येत होतं.

पाणी अजून वीतभर अंतरावर आलं नव्हतं. मी उठून मागे सरले. तो सुळकन आत गेला.

फोन वाजला. चिखलाच्या हातानेच घेतला.

"बुजवलं का?"

"नाही."

"पानी?"

"दीड वीत खाली. चढायलंय."

"मंग थांब. मी बी थांबतो."

त्यांनी फोन ठेवला नाही. तिकडे त्यांच्या पत्र्यावर पडणारा पाऊस मला ऐकू येत होता. मधूनच ते विचारायचे, "कुठवर?" आणि मी सांगायचे.

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "काका, उतरायलंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"चिखल वला ठिव," ते म्हणाले.