भीमाबाईचे कान

१९८८च्या उन्हाळ्यात भाईंदरच्या केबिन रोडवरच्या एका मंडपवाल्याने आपले सहा रेकॉर्ड प्लेयर भंगारात काढले. लग्न असो, जयंती असो, पूजा असो, सगळीकडे आता कॅसेट वाजत होती. तबकड्यांची जड खोकी उचलून न्यायला कुणी तयार नव्हतं. यंत्रं भंगारवाल्याच्या काट्यावर चढणार तेवढ्यात कोंडिराम खरात कारखान्यातली पहिली पाळी संपवून तिथून चालला होता. तो थांबला. एका यंत्राची थाळी बोटाने फिरवून पाहिली, वाकून कान लावला आणि भंगारवाल्याला म्हणाला, "तोलू नको भाऊ. ये सब मैं ले जाता हूँ."

हातगाडीवर सहा रेकॉर्ड प्लेयर घेऊन तो नवघर भागातल्या आपल्या खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याची बायको भीमाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग आपल्या दहा बाय बाराच्या खोलीकडे.

"हे कुठं ठेवायचं म्हणता?"

"कॉटखाली."

"आन कॉटखालचं?"

कॉटखालची धान्याची कोठी त्या दिवसापासून दाराबाहेर आली.

कोंडिराम मूळचा परभणीकडचा. वयात येताना चार वर्षं त्याने तिथे लाउडस्पीकरच्या दुकानात काढली होती. भीमजयंतीच्या मिरवणुकीत बैलगाडीवर रेकॉर्ड प्लेयर ठेवून, चाक खड्ड्यात गेलं तरी सुई उडू न देता गाणं वाजवत ठेवायचं, हे त्याचं काम. पुढे पोटासाठी तो मुंबईकडे आला आणि भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर लागला. पत्र्याच्या चकतीवर प्रेस दाणकन आदळायचा आणि तिचं ताट व्हायचं. दिवसाला अशी हजारो ताटं. तिथे बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. वीस वर्षं त्याने ते केलं आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो दारात चटई टाकून यंत्रं उघडायचा. रेकॉर्ड प्लेयरच्या पोटात मोटर असते आणि मोटरला टेकून एक रबरी चाक थाळीच्या आतल्या कडेवर घासत फिरतं. यंत्र पडून राहिलं की ते रबर दगड होतं. मग थाळी घसरते नाही तर गुरगुरते. कोंडिराम कारखान्यातल्या बारीक पॉलिश पेपरने ते चाक हलक्या हाताने घासायचा. जुनं चिकट झालेलं ग्रीस रॉकेलने धुवायचा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचा. सुई लॅमिंग्टन रोडवरून आणायचा. शेवटी थाळीवर कागदाची चिठ्ठी ठेवून घड्याळ समोर धरायचा. मोठ्या तबकडीच्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे झाले पाहिजेत. शंभर झाले की तो एक तबकडी लावायचा, डोळे मिटायचा आणि कान देऊन बसायचा. ती दहा-पंधरा मिनिटं त्याला कुणी हाक मारलेली खपत नसे.

सहापैकी चार यंत्रं चालू झाली. उरलेल्या दोन यंत्रांचे अवयव त्या चारींना लागले. बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण भाईंदरला नव्याने राहायला आलेल्या कितीतरी घरांत माळ्यावर एखादा बंद रेकॉर्ड प्लेयर होताच. दादर-परळची जागा सोडताना माणसांनी तो टाकला नव्हता, आणि इथे आल्यावर तो कुणी दुरुस्त करत नव्हता. गुजराती शेजारी आले, रत्नागिरीकडचे आले, उत्तनच्या बाजूचे आले. कोंडिरामच्या हाताला यश आहे असं लोक म्हणू लागले. त्यालाही ते पटू लागलं होतं.

१९९१ साली उत्तनजवळच्या डोंगरीचा धाकू म्हातारा आपला प्लेयर गोणपाटात बांधून, बसने, परत घेऊन आला. महिन्यापूर्वीच कोंडिरामने तो दुरुस्त करून दिला होता.

"मास्तर, रागावू नका," धाकू उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "यंत्र चालू हाय, पन आवाज बरा न्हाय. बाई वर गायला लागली का घसा फाटल्यासारका करते."

कोंडिरामने तबकडी लावली. पहिली बाजू पूर्ण ऐकली. मग दुसरी. त्याला आवाज स्वच्छ वाटला, थोडा मऊच. "काय खराबी नाही याच्यात," तो म्हणाला. "तुमची तबकडी झिजली असंल."

"न्हाय हो. सगल्याच तबकड्या तशाच वाजतान."

धाकू खोटं बोलणारा माणूस नव्हता. कोंडिराम पुन्हा सुई टेकवणार तोच आतून, स्टोव्हजवळून, भीमाबाई बोलली, "फाटतोय तो आवाज. सुई भोथरी हाय. तुम्ही यांना यंत्र दिलं त्याच्या आदल्या दिवशीच फाटत व्हता."

कोंडिराम वळला. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की," भीमाबाई म्हणाली. "दोनदा बोलले. तुम्हाला ऐकू नाही आलं."

ती हे टोचून बोलली नव्हती. धाकूला त्यात काही जाणवलंही नाही. पण कोंडिरामचा हात तसाच सुई धरणाऱ्या आर्मवर राहिला. त्याला मागचं एकेक आठवू लागलं. कुकरची शिट्टी झाली तरी आपण बसून राहतो आणि ही उठते. मुलगी पंचशीला सासरहून आली की तिचं अर्धं बोलणं आपण नुसती मान हलवून घेतो. गेली दोन वर्षं सगळ्याच तबकड्या आपल्याला जरा मऊ वाटतायत, आणि आपण समजत होतो की आपला हात सुधारलाय.

त्याने धाकूची सुई बदलून दिली आणि आपल्याला फरक कळला नाही, हे कुणाला सांगितलं नाही.

पंचशीलाने त्याला बोरिवलीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. बराच वेळ त्याचं बोट मांडीवरच राहिलं. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ दाखवली. जाड आवाज ऐकू येतात, बारीक आवाज गेलेत. प्रेसच्या दणक्याने गेलेत. गेलेले परत येणार नाहीत.

घरी आल्यावर कोंडिरामने सगळ्या यंत्रांवर जुनं लुगडं टाकलं. कुणी काही घेऊन आलं तर तो सांगायचा, सामान मिळत नाही, बंद केलं. दोन महिने असे गेले. कारखान्यात मात्र तो रोज जात होता, आता कानात कापसाचे बोळे घालून. सोबतचे हसायचे. उशिरा सुचलेलं शहाणपण हसण्यासारखंच होतं, असं त्याला स्वतःलाही वाटायचं.

एका रविवारी भीमाबाईने ते लुगडं ओढून काढलं आणि घडी घातली.

"मला हे धुवायचंय," ती म्हणाली. "आन तुम्ही हात लावा यंत्राला. मी ऐकते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तीन वर्षं या खोलीत ऐकतेच हाय न मी? कान काय बाहेर ठेवून बसत व्हते?"

कोंडिराम हसला नाही. त्याला ते अपमानाचं वाटलं. जिला लिहिता-वाचता येत नाही, जिने कधी पेचकस धरला नाही, तिने आपलं काम तपासायचं. पण बसून राहण्याचाही त्याला कंटाळा आला होता. त्याने एक प्लेयर ओढला.

पहिले काही आठवडे नुसतं भांडण झालं. तो विचारायचा, "कसा आवाज आहे?" ती म्हणायची, "बरा नाही." "बरा नाही म्हणजे काय?" "म्हणजे बरा नाही." तो वैतागून उठून जायचा. मग हळूहळू तिला तिचे शब्द सापडू लागले. गाण्याच्या मागे खालून सारखी घरघर आली की ती म्हणायची, जातं फिरतंय. मग तो रबरी चाक पाहायचा. बारीक तडतड असली की, मोहरी पडली. मग तो तबकडी ओल्या फडक्याने पुसायचा. सूर वर-खाली झुलला की, पाळणा. मग तो तबकडीचं भोक मध्यावर आहे की नाही ते तपासायचा. एकदा ती म्हणाली, "बाई नाकात बोलतेय," आणि त्याचा अर्थ लावायला त्याला तीन दिवस लागले. शेवटी आर्मच्या टोकाशी एक तार सुटत आलेली सापडली. त्या दिवशी त्याने तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

तरीही गिऱ्हाइकासमोर तो हे येऊ देत नसे. यंत्र घ्यायला कुणी आलं की स्वतः डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचा. भीमाबाई आत असायची आणि त्याने आधीच तिला विचारून ठेवलेलं असायचं. माणूस दारात आला की ती भांडी जरा जोरात घासायची.

१९९४मध्ये मनोरमाबाई आल्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, सरळ पाठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचा प्लेयर दोन ठिकाणी दुरुस्त होऊन आला होता आणि दोन्ही ठिकाणी ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. सोबत त्यांनी स्वतःची एक तबकडी आणली होती.

"यात काय बिघाड आहे ते मी सांगणार नाही," खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐका आणि मला सांगा. तुम्हाला कळलं तरच मी हा इथे ठेवीन."

कोंडिरामने तबकडी लावली. सवयीने डोळे मिटले. ठेका ऐकू येत होता, बाईचा आवाज येत होता, आणि त्यापलीकडे जे काही होतं ते त्याच्यासाठी नव्हतंच. आज आत जाऊन भीमाबाईला विचारायला सवड नव्हती. काहीतरी ठोकून द्यावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याने डोळे उघडले.

"बाई, मला ऐकू कमी येतं," तो म्हणाला. "कारखान्यात कान गेले. यंत्र मी उघडतो, पण ऐकते ही. भीमा, बाहेर ये."

भीमाबाई हात पदराला पुसत आली. तिला हे अपेक्षित नव्हतं. ती यंत्राजवळ खाली बसली. मनोरमाबाईंनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायला सांगितली. भीमाबाईने गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"मला गाण्यातलं कळत नाही," भीमाबाई म्हणाली. "पन ही बाई घाईत हाय. तिला दम घ्यायला जागाच मिळत नाही. एक ओळ संपली का श्वास पुरा व्हायच्या आत दुसरी."

मनोरमाबाई कोंडिरामला म्हणाल्या, "मोजता येईल का?"

त्याने चिठ्ठी ठेवली, घड्याळ धरलं. तीन मिनिटांत एकशे पाच फेरे झाले. थाळी काढली तेव्हा कारणही दिसलं. आधीच्या कुणीतरी चाक घसरतं म्हणून मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. दांडा जाड झाला आणि थाळी जोरात पळू लागली.

"माझ्या पेटीशी सूर जुळत नव्हता," मनोरमाबाई म्हणाल्या. "सहा महिने मी लोकांना सांगतेय. ते म्हणतात, आजी, पेटी बिघडली असेल." मग त्या भीमाबाईकडे वळल्या. "तुम्ही गाता का हो?"

"नाही बाई. दळताना काय म्हनलं असंल तेवढंच."

मनोरमाबाईंनी प्लेयर ठेवला, आणि पुढच्या वर्षभरात आणखी सात-आठ घरांतले प्लेयर त्यांच्या सांगण्यावरून आले. ती माणसं दारात येऊन थेट विचारायची, "भीमाबाई आहेत का?" पहिल्यांदा कोंडिरामला ते लागलं. मग त्यानेच बाहेर दुसरी चटई टाकली. एकीवर तो, एकीवर ती. लोकांदेखत तो विचारायचा आणि लोकांदेखत ती सांगायची.

९७ साली बहीण आजारी पडली म्हणून भीमाबाई महिनाभर परभणीला गेली. कोंडिरामने त्या दिवसांत पाच यंत्रं उघडली, धुतली, जोडली, फेरे मोजले. एकही परत दिलं नाही. लोक चिडले. एकजण म्हणाला, काका, चाललंय ना, द्या की. कोंडिराम म्हणाला, चालतंय, पण कसं चालतंय ते ठाऊक नाही. एकटा असताना त्याने एक तबकडी लावून लाकडी खोक्यावर तळवे टेकवून पाहिले. ढोलकीची थाप हातात आली. गाणारी काय म्हणतेय ते मात्र पोचलं नाही, आणि ते विचारायला खोलीत कुणी नव्हतं.

भीमाबाई एसटीने सकाळी आली. बहीण सावरली होती. तिने पिशव्या ठेवल्या, चहा घेतला, आणि भिंतीशी ओळीने मांडलेली पाच यंत्रं पाहिली.

"एवढी?"

"तुझ्यासाठी थांबलीत," कोंडिराम म्हणाला.

"पाय तरी धुऊ द्या," असं म्हणत ती मोरीकडे गेली, तेवढ्यात त्याने पहिल्या यंत्राची वायर लावली. ती ओल्या पायांनी येऊन चटईवर बसली. सुई टेकली. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"हे देऊन टाका," भीमाबाई म्हणाली. "लई ग्वाड वाजतंय. दुसरं लावा."