निर्जळीच्या दिवशी पकडलेले काका

ती दुपार डोक्यातून जात नाही. त्यातली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. त्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मला नीट समजलं होतं.

मी अमेरिकेत, चँडलर शहरात पोलीस होतो. जूनचं ऊन. फोन आला की एक वयस्कर माणूस झोकांड्या खात गाडीत बसलाय, गाडी लेन सोडून चाललीय. मी आणि माझ्या जोडीदारानं ती अडवली. हात थरथरत होते, जीभ जड, सरळ रेषेवर चालता येईना. श्वासाच्या चाचणीत दारू शून्य. म्हणजे ड्रग्ज, असं आम्हीच ठरवलं आणि त्यांना ठाण्यावर आणलं.

“काय घेतलंय?” मी इंग्रजीत विचारलं.

त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीत म्हणाले, “अरे, तू आपलाच की! दोन दिवस पोट बिघडलंय, त्यात आज निर्जळी एकादशी. लिथियमची गोळी मात्र घेतली. माझं रक्त तपासायला सांग ना, बाळा.”

जोडीदार हसला. “तुझा काका की काय? काय म्हणतोय?”

“काय माहीत. बरळतोय.”

माझ्या नावावरून, डब्यावरून खात्यात पुष्कळ चेष्टा झाली होती. ती पुन्हा नको होती, एवढंच.

खोटं बोलणारा चौकशीत गोष्ट बदलत राहतो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. काका तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. तरी मी प्रश्न विचारतच राहिलो.

उलगडा झाला तो त्यांची मुलगी आल्यावर. इथेच जन्मलेली. आल्या आल्या ओरडली, “बाबांची लिथियम लेव्हल कुणी चेक केली का?” तेव्हा कुठे आम्ही अँब्युलन्स बोलावली.

डॉक्टर म्हणाले, मन ताळ्यावर ठेवणाऱ्या या गोळीचा डोस रक्तातली पातळी बघून ठरवतात, प्रत्येकाचा वेगळा. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रोजचीच गोळी विषासारखी चढते.

“थोडं आधी आणलं असतं तर?” मी विचारलं.

“कदाचित. नक्की सांगता येणार नाही.”

काका वाचले, पण तोल गेला तो गेलाच. वॉकर लागतो. अहवालात मी ‘भाषेची अडचण’ असं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही.

माणूस स्वतःच्या शरीराबद्दल सांगतो तेव्हा आधी ऐकावं, एवढं या केसनं शिकवलं. पण ते मला तेव्हाही ऐकू आलं होतं. आता निवृत्त झालोय. कधीकधी गाडी त्यांच्या गल्लीत वळवतो, घरासमोर वेग कमी करतो आणि तसाच पुढे जातो.

त्यांच्यासमोर बसून, मराठीत, “काका, मला समजलं होतं,” एवढं सांगणं अजून बाकी आहे.