तुळजाची चौकशी

आमच्या गल्लीत किस्से साठतात, त्याला कारण माझा ओटा. तंजावुरात घर शोधणारा माणूस ऑटोतून उतरला, की आधी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईला विचारतो. ती बाई मी. विचारलं त्यापेक्षा मी थोडं जास्त सांगते, एवढंच! सध्याचे बहुतेक किस्से मात्र एकटीच्या नावावर आहेत. समोरच्या गणपतरावांची तुळजा.

*

कॉलेज संपल्यावर तुळजा म्हणाली, "अप्पा, मी एनजीओत काम करणार."

गणपतराव ट्रेझरीतून रिटायर झालेले. त्यांनी फुलफॉर्म विचारला. तिनं सांगितला. कॉफीचा टंबलर हातात तसाच राहिला.

"अख्खा जन्म मी गव्हर्नमेंटात काढला, आणि तू नॉन-गव्हर्नमेंटात?"

संध्याकाळी हळूच माझ्याकडे आले. "वहिनी, सरकारविरोधी काही नसतं ना हो ते?"

*

तिच्या आईला एका लग्नात कुणीतरी विचारलं, "मुलगी काय करते?"

"समाजसेवा."

"ते झालं हो. पण काम काय करते?"

त्या दिवशी समोरच्या स्वयंपाकघरात भांडी फार आपटली. मी मोजायचं सोडून दिलं!

*

सुरुवातीला तुळजा एका लहान संस्थेत ट्रेनी होती. कालव्यापलीकडच्या एका गावात शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली पंचायतीच्या अध्यक्षाच्या खिशात. रोज "उद्या देतो". एक दिवस तुळजा त्याच्या मोटारसायकलसमोर मांडी घालून बसली.

अध्यक्षानं थेट गणपतरावांना फोन लावला. "सार, मुलीला समजवा! मला लग्नाला जायचंय, मुहूर्त टळतोय!"

गणपतराव म्हणाले, "माझं ऐकत असती, तर ती तिथे असती का?"

किल्ली मिळाली. पण घरात बापलेकीचं बोलणं बंद झालं.

*

मग ट्रेनिंग संपलं. तिरुवैयारुच्या एका संस्थेत पक्क्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू झाला. "चौकशी करून कळवतो" म्हणाले. कळवेनात. इकडे चेन्नईचं स्थळ चालून आलं. मुलाकडच्यांची अट एकच, सून घरात राहणारी हवी.

गणपतरावांनी बायकोकरवी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत नोकरीचं कळलं तर ठीक. नाहीतर मी चेन्नईला होकार देणार."

गुरुवारी तुळजा ओट्यावर येऊन बसली. हातात फोन, नजर फोनवर. माझ्या सुपातला एक दाणा उचलून नुसता चुरडत होती. एरवी धबधब्यासारखी बोलणारी पोर!

"मावशी, मुलाकडचे चौकशीला तुमच्याकडेच येतील. माझ्याबद्दल वाईट सांगाल?"

"अगं, मला खोटं बोलता येत नाही."

"खरंच सांगा. तेवढं पुरे आहे!"

*

शुक्रवारी दुपारी ऑटो थांबला. पन्नाशीच्या बाई उतरल्या, ओट्यावर टेकल्या. केसात मोगरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहरा कडक. अगदी सासूचा!

"समोरची तुळजा कशी आहे हो स्वभावानं?"

मी सूप बाजूला ठेवलं. समोरचं दार अर्धं उघडं, आत गणपतरावांची आरामखुर्ची दिसत होती.

"खरं सांगू, अम्मा? घरात पाय ठरत नाही तिचा. ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, स्कूटीवरून गावं पालथी घालते. येते ती गुडघाभर चिखलानं माखून!"

बाईंच्या भुवया वर गेल्या. "जेवणखाण?"

"कुणाच्याही घरी जेवते! जातपात विचारत नाही."

"मोठ्यांचं ऐकते?"

"छे! पंचायतीच्या अध्यक्षाची गाडी अडवली. किल्ली हातात पडेपर्यंत उठली नाही."

"वडील रागावले तरी?"

"तरी!"

 बाई समोरच्या दाराकडे बघत राहिल्या. स्थळ मोडलं, हे मला कळलं. पोरीचं भलं केलं की वाटोळं?

बाई उठल्या. एक पाय ऑटोत ठेवून वळल्या.

"सोमवारी सकाळी तिरुवैयारुला ऑफिसात पाठवा तिला. आणि छत्री नको म्हणावं, रेनकोट आणू दे. आमच्याकडे हात मोकळे लागतात!"