न लाजलेला कवळा

चिमणाबाईला रानभाजी ओळखायला शिकवील असं माणूस मलकापूर भागात अजून जन्माला यायचंय, असं चिमणाबाई स्वतःच सांगायची. आणि ते खोटंही नव्हतं. पन्नास वर्षं ओढ्याकाठचा कवळा खुडला, पण एकदासुद्धा चुकली नाही. कवळ्याला पिवळं फूल येतं, पण त्या फुलावर विसंबेल तो वेडा. त्याच ओढ्याला तसल्याच बारीक पानाचं, तसल्याच पिवळ्या फुलाचं दुसरं एक झाड उगवतं. दोन सालांमागं शेजारच्या आकारामची दुभती म्हैस ते खाऊन दिवस मावळायच्या आत आडवी झाली. म्हणून रीत एकच, खुडायच्या आधी बोट लावायचं. कवळा लाजून पानं मिटतो. ते दुसरं निगरगट्ट, ढिम्म हलत नाही.

लेक नंदिनी अकरा सालांमागं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत दिलेली. दर पावसाळ्यात तिला कवळा धाडायचा आणि सातच्या एसटीच्या कंडक्टरकडं गाठोडं द्यायचं, हा बाईचा नेम. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की पोरावर, पिराजीवर, खेकसायची. त्या दिवशी उठायला उशीर झाला. पिवळं दिसलं तसं तिनं भराभरा खुडलं, गाठोडं बांधलं आणि धापा टाकत गाडी गाठली.

घरी येऊन भाकरी थापल्या, गोठा झाडला. साडेदहाला जरा टेकली, तेव्हा कुठं ध्यानात आलं की आज आपण बोटच लावलं नाही. तशीच उठून ओढ्यावर गेली. सकाळी स्वतःच्या नखानं खुडलेले शेंडे चाचपून शोधले आणि पानाला बोट लावलं.

पान मिटलं नाही. तिनं दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. शेजारच्या झुडपाला हात लागला, तर ते लगेच आक्रसलं. त्याचे शेंडे मात्र जागच्या जागी होते. बाईनं कनवटीचा मोबाइल काढला.

नंदिनीला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. नातू धवल साडेअकराला शाळेतून येतो आणि आल्याआल्या जेवायला बसतो. बाईनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. हे कळलं की पिराजी आपल्याला ओढ्याकडं फिरकू देणार नाही, गाव हसेल, हे तिला दिसत होतं. हसू दे मेलं गाव. आठव्यांदा फोन उचलला गेला.

"नंदे, भाजी चुलीवर असंल तर उतर आधी. धवलला देऊ नगंस. मला दिसत न्हाय गं आता. कवळा म्हणून मी भलतंच धाडलंय, इख हाय ते."

तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"खाल्लं काय त्यानं? बोल की."

"न्हाय आई. सकाळीच घंटागाडीत टाकलं."

"तुला कसं कळलं?"

"कळलं न्हाय." नंदिनीचा आवाज बारीक झाला. "आमच्यात ती भाजी कोणच खात न्हाय. दर साली टाकूनच देतो."

"आन् लई चांगली झालती म्हणायचीस, ते?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

"बरं झालं बाई," चिमणाबाई म्हणाली. "वाचलासा." ते तिनं अगदी मनापासून म्हटलं. पोरगं वाचलं म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता. फोन ठेवून तिनं देवाला हात जोडले. मग तिथंच ओल्या दगडावर बसून अकरा पावसाळ्यांच्या कवळ्यासाठी ती हमसून हमसून रडली.