काळ्यांचा ‘ळ’

फरशीवर शाई सांडते म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी काळे यांनी आमच्या सुलेखन मंडळाच्या खोलीला कुलूप लावलं. तेव्हापासून नीलाताई रोज ग्रुपवर एक अक्षर देतात आणि आम्ही घरोघरी ते गिरवून फोटो टाकतो. आज ‘ळ’ होता. कुणी कमळ लिहिलं, कुणी आभाळ. मी ‘काळे’ लिहिलं, चांगलं पानभर. रागाने हात थरथरतो म्हणतात. माझा बोरू मात्र इतका ठाम कधीच चालला नव्हता. आपल्या अक्षरांचा सगळा रुबाब डोक्यावरच्या रेघेत असतो. ती नसली की तेच नाव कसं उघडंबोडकं, केविलवाणं दिसतं! मी पान कितीतरी वेळ न्याहाळत बसले.

फोटो टाकताच ताईंचा मेसेज आला, “ळ सुरेख! पण डोक्यावरची रेघ राहिली की.”

“राहिली नाही ताई,” मी लिहिलं, “उडवली.”