शार्दूलची अडलेली सही

माझा मुलगा शार्दूल बर्फावरची हॉकी खेळतो. लुडविग्सहाफेनच्या आमच्या घरून राईन ओलांडून मानहाइमच्या रिंकवर मी त्याला बारा वर्षं नेलं. पहाटे साडेपाचला उठून, डब्यात पोहे भरून. गेल्या वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या एका संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटणीत, निवडलं. म्हणजे तिकडे खेळायचं तर याच संघाकडून. यंदा मे महिन्यात कराराचे कागद आले, एक जूनपर्यंत सही हवी होती, आणि हा पठ्ठ्या सहीच करेना!

"लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तू तोंड धुवायला निघालायस," मी रोज करवादायचे. तो जर्मनमध्ये पुटपुटायचा, अजून वाचतोय. वीस पानं वाचायला तीन आठवडे? त्याचे बाबा, प्रद्युम्न, म्हणायचे, "अगं, घाबरला असेल. एकोणीस वर्षांचाच आहे." मला पटायचं नाही. धिप्पाड बचावपटूंच्या अंगावर बेधडक जाणाऱ्याला भीती कसली?

शेवटी एकतीस मेला मी त्याच्या खोलीत गेले आणि कागद ओढून घेतले. करारासोबत तब्येतीचा फॉर्म होता. सगळे रकाने भरलेले, फक्त एक कोरा. डोक्याला कधी मार लागला आहे का? कधी? कोणाला कळवलं?

उत्तर मला ठाऊक होतं.

ड्राफ्टच्या आधीच्या मार्चमध्ये तो रिंकवर एकटाच सराव करत होता. बघायला फक्त मी. तोल गेला आणि डोकं कठड्यावर आपटलं, हेल्मेटसकट. गाडीत तो दोनदा ओकला. आणि मी काय केलं? घरी आणून मीठ-मोहरी ओवाळली! "दृष्ट लागलीय तुला. कुठे बोलू नकोस, ड्राफ्ट तोंडावर आलाय." क्लबला सर्दी झाल्याचं कळवलं. बरं, मी कोण? केमिकल प्लांटमधली सेफ्टी इंजिनिअर. जिन्यावर कुणाचा नुसता पाय घसरला तरी मी त्याला बसवून बाइनाहे-उनफालचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, अहवाल लिहून घेते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"अजून त्रास होतो?" मी विचारलं.

"कधीकधी. दिवे सहन होत नाहीत."

"मग लिहिलं का नाहीस?"

एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारा मुलगा शब्द शोधत मराठीत बोलला. "आई, 'नाही' लिहिलं तर खोटं. 'हो' लिहिलं तर पुढे तुझं नाव येतं."

तीन आठवडे मी त्याला आळशी म्हणाले, कृतघ्नसुद्धा म्हणाले. त्याने सगळं मुकाट ऐकून घेतलं होतं. मला रडू आवरेना.

मग मी पेन घेतलं. प्लांटमध्ये लिहिते तसंच लिहिलं, तारीख, वेळ, जागा, काय घडलं. शेवटी लिहिलं, 'कोणालाही कळवलं नाही. आईने गप्प राहायला सांगितलं.' खाली माझं नाव, सरिता. शार्दूलने ते दोनदा वाचलं आणि फॉर्मवर सही केली.

संघाने करार थांबवून आधी तपासण्या करायला सांगितल्या. त्या झाल्यावर डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. परवा त्याचं सगळं सामान आम्ही तळघरात नेऊन ठेवलं. कुलूप लावताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, आता पहाटे झोपून राहत जा."